पाळण्यावरची माशी

पाळण्याच्या दोरीवर एक बारीकशी केसाळ माशी बसली होती आणि तिच्या तोंडात तिच्याएवढाच किडा होता. आईला दरदरून घाम फुटला. बाबाने फोटो काढून बाळाच्या आत्याला पाठवला. आत्याची किड्यांवर पीएचडी होती. घरात तिची आठवण झुरळं झाली की यायची.

लगेच तिचा फोन आला. "घाबरटा, शिकारी माशी आहे ती. किडे धरते, माणसाच्या वाटेला जात नाही."

बाबाचा जीव भांड्यात पडला. "आणि तोंडात काय आहे?"

"पंख फुटलेली वाळवी. पाळणा कशाला टांगलायस रे?"

"छताच्या लाकडी तुळईला," म्हणत बाबाने वर पाहिलं.



तुळईच्या भेगेतून तसलेच किडे रांगेने बाहेर पडत होते, आणि खाली बाळ खुशीत झोके घेत होतं.