बायपासची भुकटी

म्हशीच्या दुधाची फॅट सहावरून सातावर गेली, तर महिपतीतात्यांना लिटरमागं चार पैसे जादा मिळणार होते. शिवाय डेअरीच्या रांगेत रोज आपली साताची पावती नाचवणारा मकसूद गप्प बसणार होता, तो नफा वेगळाच. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तात्यांनी इंदापुरातनं म्हशीसाठी बायपास फॅटची भुकटी साध्या पिशवीत बांधून आणली आणि बायकोच्या हातात दिली. "सरू, हे बायपासचं हाय. रोज सकाळी शंभर ग्रॅम. चुकवू नगंस."

महिना झाला तरी पावती सहावरच. वर मकसूद त्यांच्या पोटाकडं बघून म्हणाला, "तात्या, म्हशीची पेंड तुमीच खाताय का काय?"

तात्या तणतणत घरी आले. "अगं, म्हशीला ती भुकटी घालतीस का न्हाय?"

सरुबाईनं विचारलं, "म्हशीला?"



तिनं कपाळावर हात मारला. "अवो, बायपास म्हशीची झालीया का तुमची? रोज तुमच्याच पिठल्यात कालवतीया. आन् गुण बी आलाय, चार किलो भरलाय तुमी!"