कागद अडेपर्यंत

“बाबा, लग्नाचा मुहूर्तही कुणी इतका बघत नाही!” शर्वाणीने टोमणा मारला.

बाबा हौसेने घेतलेल्या, लाकूड कोरणाऱ्या सीएनसी मशीनचं टूल फळीवर उतरवत मधला कागद ओढून बघत होते. कागद किंचित अडला, की तेच शून्य; कोरायची खोली तिथून मोजायची.

“तुझ्याच घराची पाटी आहे, बाईसाहेब. शून्य चुकलं तर नाव आरपार जाईल.”

शून्य लागलं, तोवर जेवायची हाक आली. कोरणं उद्यावर राहिलं. त्याच रात्री बाबा गेले.

महिन्याने तिने मशीन चालू केलं. मधे ते बंद राहिल्याने बाबांनी लावलेलं शून्य पुसलं गेलं होतं. ती पुन्हापुन्हा कागद ओढत राहिली.

“अगदी बापावर गेलीस,” आई म्हणाली. “आज होईल का गं?”

“घाई कुणाला आहे?” ती म्हणाली. मग हळूच, “तेव्हाही नव्हती. मला बाबांजवळ बसायला आवडायचं.”