चाळीस जणांचं माप

तीस वर्षं जहाजावर चाळीस खलाशांना रांधून घालून आमचे हे काल कायमचे घरी आले. आज म्हणाले, "तू बस, चिली मी करतो, खिमा-राजम्याचं झणझणीत कालवण." टर्कीचा खिमा, राजमा, टोमॅटो, मिरच्या, सगळं जहाजावरून आणलेल्या एकाच पातेल्यात रटरटू लागलं. मी डोकावले, तर पातेलं काठोकाठ! "अहो, दोघांसाठी एवढं?" यांचा चेहरा पडला. "हाताला दुसरं मापच ठाऊक नाही गं." अकरा वर्षं मी या इमारतीत एकटीने काढली, शेजाऱ्यांना ओळखायचे ते दाराबाहेरच्या चपलांवरून. पण धीर करून दारं ठोठावली, "वाटी घेऊन या, चिली गरम आहे!" घटकाभरात जिन्यात रांग लागली. हे आग्रहाने वाढत राहिले. पातेलं खरवडून झालं तेव्हा हे दचकले. "अगं, आपल्याला उरलंच नाही!" समोरच्या बाईंनी आपली अर्धी वाटी पुढे केली. त्यात दोन चमचे खोचलेले होते.