घोटभर पाणी

सकाळी नर्मदाकाठच्या मुक्कामावरून फोन आला, तेव्हा मी कराडला घरीच होतो. यात्रेची बस नेणारे घोरपडे म्हणाले, "वत्सलावहिनी गेल्या."

वाटेत जुलाब लागले होते. बस सारखी थांबवायला नको म्हणून माझ्या बायकोनं पाणी पिणंच सोडलं होतं.

"त्यांच्या थोरल्या बहिणीलाही तेच झालंय. डॉक्टर म्हणतात, साखरमिठाचं पाणी घोटघोट पाजा, नाहीतर यांचंही खरं नाही. पण वहिनींना अग्नी दिल्याशिवाय अक्का थेंब घेत नाहीत. तुम्ही कधी पोचताय?"

"उद्या दुपारी."

"तोवर फार उशीर होईल," घोरपडे म्हणाले. मी म्हणालो, "अक्कांना फोन द्या."

"अक्का, पाणी घ्या."

"धाकटी अशी समोर पडलीय आणि मी पाणी पिऊ?" त्यांचा आवाज पार खोल गेला होता. "तुम्ही या, दाजी. तुमच्या हातनं होऊ दे. मग पिते."

दोघी बहिणी सारख्याच हट्टी. उद्यापर्यंत अक्का राहिल्या नसत्या.

"माझी वाट बघू नका. घोरपड्यांना सांगा, अग्नी आत्ताच द्या."

"अहो, तोंड नाही का बघायचं तिचं?"

"तुम्ही पाणी प्या, अक्का."

दुपारी घोरपड्यांचा पुन्हा फोन आला. चितेला अग्नी दिल्यावर अक्कांनी भांडं तोंडाला लावलं. पहिला घोट उलटून पडला, नंतरचे पोटात राहिले.

वत्सलाला शेवटचं बघायचं माझं राहून गेलं.