हेनुतचं वय

"तू बाहेर हो, पोरी. आठवा महिना लागलाय तुला," डॉक्टर शाहिंदा म्हणाल्या आणि क्ष-किरणांचं यंत्र सुरू करण्याआधी त्यांनी इनासला खोलीबाहेर काढलं.

मिन्या शहरातल्या संग्रहालयात इनास पाच वर्षं ममींची डागडुजी करत होती. मेलेल्यांची भीती तिला कधी वाटली नव्हती. पण महिन्यापूर्वी हेनुत नावाच्या ममीची पेटी तिच्या टेबलावर आली आणि तिची झोप उडाली. जुन्या नोंदीत लिहिलं होतं : हेनुत, विणकराची मुलगी, वय सत्तावीस, बाळंतपणात बाळासह मृत्यू. इनासचा बाप विणकर. इनास सत्तावीस वर्षांची. हेनुतचं डावं मनगट लहानपणी मोडून वाकडं जुळलं होतं. इनासचंही. सुटलेल्या पट्ट्यांतून ते दिसलं तेव्हा तिनं आपला हात झटकन बाहीत ओढून घेतला होता. तीन हजार वर्षांपूर्वीची ती बाई आपल्याला न्यायला आलीय, असं तिच्या मनानं घेतलं. घास गिळेना. पोटातलं बाळ जरा निजलं तरी तिचे हातपाय गार पडत.

नवऱ्याला तिनं सांगून पाहिलं. "वेडाबाई, हाडांना काय घाबरतेस!" म्हणत रिफअत हसला होता. पण हसताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

दार उघडलं. "ये आत. तुझ्या हेनुतनं सगळ्यांना फसवलं."

इनास उंबऱ्यावरच थांबली.

"हे दात बघ. मुळापर्यंत झिजलेत. पाठीला बाक, खुब्याचे सांधे घासलेले. अगं, साठीच्या पुढची म्हातारी आहे ही. सत्तावीस कुठली!"

"मग तिच्या कुशीतलं बाळ?"

"हिचंच असावं. पण ते फार आधी गेलंय. त्याच्यावरचं कापड मी भिंगाखाली पाहिलं. तीन थर आहेत, तीन वेगवेगळ्या काळांतले. आतलं विरत आलं की वरून नवं गुंडाळलेलं. जन्मभर जपलं असेल बाईनं. ती गेल्यावर कुणीतरी तिच्या कुशीत ठेवलं."

इनास तिथंच खुर्चीत बसली. मरणाची भीती ओसरली आणि तिच्याखाली दबलेली दुसरी वर आली.

दोन वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी जन्मतःच गेली होती. तेव्हा इनास शुद्धीवर नव्हती. ती घरी आली तोवर पाळणा, दुपटी, झबली, सगळं कुणीतरी हलवलं होतं. त्यानंतर घरात त्या पोरीचा विषय निघाला नाही. इनासनंही काढला नाही. विचारलं असतं तर ती खरंच जन्मली आणि खरंच गेली, असं ठरलं असतं.

तिनं रिफअतला फोन लावला.

"काय झालं? कळा सुरू झाल्या?" रिफअतचा आवाज चिरकला.

"नाही. आपल्या मुलीला कुठे पुरलंत?"



"माझ्या आजीच्या शेजारी," तो म्हणाला. "दर शुक्रवारी नमाजानंतर जातो मी तिच्याकडे. तू विचारशील म्हणून घाबरायचो, इनास. आणि तू विचारावंस म्हणून वाट बघायचो."