शिवणीतले खिसे

सुनेने ड्रेस अंगावर चढवला आणि आरशात बघायच्या आधी दोन्ही बाजूंनी हात खाली सरकवून पाहिले. खिसे नव्हते. तिने मान हलवली, ड्रेस उतरवला आणि पडद्याबाहेर दिला. बाहेर स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी सासूबाईंच्याच निवृत्तीची मेजवानी होती. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्या मेजवानीत सुनेला त्यांच्याबद्दल बोलायचं होतं. सगळ्यांसमोर, आणि त्यांना आधी कळू न देता. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोले, आणि तिचं बोलणं लोकांना मोठ्याने सांगायला नवरा शेजारी उभा राहणार होता. अडचण पर्सची होती. हातांनी बोलणाऱ्याच्या हातात पर्स म्हणजे तोंडात घास. मागे एका समारंभात तिने ती खुर्चीवर ठेवली, गप्पांत रमली, आणि पर्स घराच्या किल्लीसकट नाहीशी झाली. शिवाय फोन अंगाला लागून असला तरच त्याची थरथर कळते. गर्दीत तिला हाक मारायची तेवढीच सोय. ती पर्स गेल्यापासून प्रत्येक समारंभात ती एका हाताने पर्स धरायची आणि दुसऱ्याने ‘हो’, ‘नाही’, ‘छान’ एवढ्यावर वेळ मारून न्यायची. आज तेवढ्यावर भागणार नव्हतं.

आज तिला एका खुर्चीबद्दल सांगायचं होतं. लग्न होऊन ती घरात आली, त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावरची आपली नेहमीची जागा सोडली. खिडकीकडे पाठ करून बसायच्या, त्या खिडकीकडे तोंड करून बसू लागल्या. ऊन डोळ्यांवर येई. बिचाऱ्या डोळे किलकिले करून जेवत. पण उजेड तोंडावर पडल्यामुळे सुनेला त्यांचे ओठ नीट दिसत. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. सुनेला ते उमगायलाच बरेच दिवस लागले, आणि उमगलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. एवढं कुणी आपल्यासाठी करावं आणि आपण आभारही मानू नयेत, हे तिला फार लागून राहिलं होतं.

सासूबाईंना खुणा मात्र येत नव्हत्या. चहा, झोप आणि बास. या तीन खुणांवर त्यांनी सुनेशी संसार रेटला होता. बाकी सगळं त्या ओरडून सांगत. समोरचीला ऐकू येत नाही हे पक्कं ठाऊक असून ओरडत. ओरडताना तोंड असं वेडंवाकडं होई की ओठ वाचायचीही पंचाईत.

“पार्टीच्या ड्रेसला खिसे नसतातच मुळी,” दुकानातली बाई म्हणाली. “कंबरेला फुगून दिसतात. त्यापेक्षा ही नाजूक पर्स घ्या ना.”

सुनेने तिचे ओठ वाचले आणि पुन्हा मान हलवली. तेवढ्यात सासूबाई एक जांभळा ड्रेस घेऊन आल्या. तो घालून सून पडद्याबाहेर आली, तेव्हा दुकानातली बाईसुद्धा पर्सचं विसरून बघत राहिली. मापं घेऊन शिवल्यासारखा बसला होता. सुनेने दोन्ही बाजूंना बोट दाखवलं. इथेही खिसे नव्हते.

सासूबाईंनी ‘बास’ची खूण केली. सुनेने ड्रेस बदलताच त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि तरातरा निघून गेल्या.

सून तिथेच बसून राहिली. म्हणजे आता हाच ड्रेस, बिनखिशांचा. ज्यांच्यासाठी बोलायचं त्यांनीच एक हात बांधून टाकला, आता रागवायचं तरी कुणावर? आणि त्या माउलीवर राग धरणं तिला जमलंही नसतं. तिने फोन काढला आणि नवऱ्याला लिहिलं, “संध्याकाळी तूच बोल.” मग डोळे पुसून ती बाहेर आली.

दुकानाच्या कोपऱ्यात शिवणयंत्र होतं. तिथे जांभळा ड्रेस उलटा करून पसरला होता आणि शिंपीणबाई त्याच्या बाजूची शिवण उसवत होत्या. शेजारी अस्तराच्या कापडाचे खिसे कापून ठेवले होते. सासूबाई आपला पंजा त्या कापडावर पसरून ओरडत होत्या. शिंपीणबाई त्यांना हळू बोलायला सांगत होत्या. एवढा सगळा हात आत गेला पाहिजे, हे मात्र सुनेला लांबूनही कळलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. पुन्हा एकदा या बाईने न सांगताच सगळं करून ठेवलं होतं.

मग तिचं लक्ष गेलं. यंत्रावर आणखी एक ड्रेस उलटा पडला होता. राखाडी, मोठ्या मापाचा. सासूबाईंनी संध्याकाळी घालायचा म्हणून सकाळीच उंची कमी करायला दिलेला. त्याच्याही दोन्ही शिवणी उसवलेल्या होत्या. सुनेने आधी त्याच्याकडे बोट दाखवलं, मग सासूबाईंकडे. तुम्हाला कशाला?

“तुझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहतं का?” सासूबाई म्हणाल्या. या वेळी ओरडल्या नाहीत. “महिना झाला, रोज त्याचं डोकं खातेय.”

त्यांनी हातातली पर्स कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. जागा दिसेना, तेव्हा ती जमिनीवर ठेवून दोन्ही पायांमध्ये घट्ट धरली. मग दोन्ही हात वर केले. गरम पाण्यात सुजून जाड झालेली बोटं लवकर वळेनात. एक खूण चुकली, ती त्यांनी पुसल्यासारखी हवेतच पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोंडातून शब्द न काढता त्यांचे हात सावकाश बोलले,

“तू माझ्याबद्दल बोलणार. मग मी काय गप्प बसू?”