माजघरातलं स्तोत्र

माजघराच्या भिंतीला यंत्र टेकवून वारसा समितीचे अधिकारी देवस्थळी म्हणाले, "मावशी, भिंतीत मुरलेले आवाज आता जपायचे आहेत. घर यादीत गेलं की इथे मोठ्याने बोलायचं नाही. नवा आवाज जुन्यावर चढतो. हरकत असेल तर आजच नोंदवा."

"आणि माझं दिवेलागणीचं स्तोत्र?" शैलजाबाईंनी विचारलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा तो नेम एकदाही चुकला नव्हता.

"मनातल्या मनात म्हणा."

"आधी ऐकवा तरी काय जपायचंय ते."

यंत्रातून स्वातंत्र्यलढ्यातल्या भूमिगतांची कुजबुज येऊ लागली. तिच्यावर एका बाईचं खणखणीत स्तोत्र चढलं होतं.

"हा अडथळा पुसता येतो," देवस्थळी म्हणाले.

"पुसू नका. त्या आमच्या आजेसासूबाई. बाहेर पोलीस घुटमळायचे, म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या. हे बोलणं झाकायला."

देवस्थळींनी यंत्र बंद केलं. मग त्यांनी कागदावरची मोठ्याने न बोलण्याची अट खोडली आणि लिहिलं: 'मूळ वापर, सायंकाळचं स्तोत्र. मालकिणीने तो बंद करू नये.'

शैलजाबाईंनी सही केली आणि त्या दिवा लावायला उठल्या. देवस्थळी मांडी घालून तिथेच बसून राहिले.